प्रतिवादी पुकारूनही गैरहजर

वादातील एकाच बाजूचे ऐकून न्यायालय जो हुकूम देते तो एकतर्फी हुकूम. दिवाणी कामात तो दोन वाटांनी येतो. एका वाटेत दुसऱ्या बाजूला रीतसर बोलावलेले असते, पण ती येत नाही. दुसऱ्या वाटेत बोलवायला वेळच नसतो. आधी हुकूम होतो आणि नोटीस मागाहून निघते. दोन्ही हुकूम दिसायला सारखेच, पण पहिल्यात गैरहजर माणसाने संधी घालवलेली असते, दुसऱ्यात त्याला ती मिळालेलीच नसते. तालुक्याच्या कोर्टात वकिलीत मुरलेल्या माणसाने कधी वादीकडून एकतर्फी हुकूम मिळवलेले असतात, कधी प्रतिवादीकडून ते मोडून काढलेले असतात. दोन्हीकडे उभे राहून झाल्यावर त्याचे एक मत पक्के होते. असा हुकूम मिळवायला फारसे कसब लागत नाही. तो टिकवणे मात्र या धंद्यातले जिकिरीचे काम आहे.

सुरुवात पुकाऱ्याने होते. शिपाई दाराशी येऊन नावे पुकारतो. पहिल्या पुकाऱ्याला प्रतिवादी आला नाही, तर बहुतेक न्यायाधीश प्रकरण बाजूला ठेवतात आणि दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारायला सांगतात. तरीही कोणी आले नाही की रोजनाम्यात दोन ओळी पडतात: प्रतिवादी समन्स बजावूनही गैरहजर, दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फा चालवावा. या दोन ओळींचा आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम ६ हा आहे. समन्स रीतसर बजावले गेले असेल तरच एकतर्फी सुनावणीचा हुकूम होतो. बजावणीच झाली नसेल तर नवे समन्स काढायचे. बजावणी झाली, पण हजर व्हायला पुरेसा वेळ मिळाला नसेल, तर तारीख पुढे टाकायची. उलट प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल, तर दावा काढून टाकला जातो. वादीच्या आळसालाही शिक्षा आहे, हे पक्षकारांना सहसा ठाऊक नसते.

एकतर्फी हुकूम झाला म्हणजे प्रतिवादीला कोर्टाची दारे बंद झाली, हा समज सार्वत्रिक आहे, आणि तो फक्त पक्षकारांपुरता नाही. संग्राम सिंह विरुद्ध इलेक्शन ट्रिब्युनल, कोटा या १९५५ सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. निवाडा लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. प्रक्रियेचे नियम न्यायाला मदत करण्यासाठी असतात, कोणाला अडकवण्यासाठी नव्हे, हा त्या निवाड्याचा गाभा. प्रतिवादी पुढच्या तारखेला आला तर तिथून पुढच्या कामात त्याला भाग घेता येतो. साक्षीदार उरला असेल तर उलटतपास घेता येतो, युक्तिवाद करता येतो. मागे झालेले काम पुसून पहिल्यापासून सुरू करायचे असेल, तर मात्र त्याला नियम ७ खाली अर्ज करून गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते. समोरच्या वकिलाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, येतो, खर्चापोटी काही रक्कम भरायला सांगतात आणि सहसा अर्ज मंजूर होतो. मात्र काम संपून दावा निकालासाठी ठेवला गेला असेल, तर नियम ७ ची वाट बंद होते. म्हणून एकतर्फा झाल्याचे कळताच त्याच आठवड्यात अर्ज टाकणारा वकील शहाणा. पुढच्या तारखेला बघू म्हणणारा पक्षकाराला खर्चात घालतो.

या प्रकरणांतला खरा झगडा कायद्याच्या कलमांवर क्वचितच होतो. तो होतो बेलिफाच्या अहवालावर. समन्स प्रतिवादीच्या हाती द्यायचे ही पहिली पसंती. तो घरी नसेल आणि लवकर भेटण्याचा संभव नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ माणसाकडे देता येते. घरगडी कुटुंबीयांत धरला जात नाही. प्रतिवादीने घेण्यास नकार दिला, किंवा तो शोधूनही सापडला नाही, तर घराच्या दर्शनी दारावर समन्स चिकटवायचे, कोणाच्या समक्ष चिकटवले ते लिहायचे आणि अहवाल कोर्टात द्यायचा. प्रतिवादी मुद्दाम टाळतो अशी न्यायालयाची खात्री झाली की पर्यायी बजावणीचा हुकूम होतो, आणि प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहीर समन्स छापून येते. ती जाहिरात प्रतिवादी वाचतो का, हा प्रश्न कोर्टात कोणी विचारत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याने ती वाचलेली असते.

वाटपाच्या एका दाव्यात बेलिफाच्या अहवालाचे महत्त्व चांगलेच दिसले. गावाकडच्या थोरल्या भावाने दावा लावला, धाकटा मुंबईत कामाला. दाव्यात धाकट्याचा पत्ता गावच्या घराचाच लिहिला होता. बेलिफाचा अहवाल असा: प्रतिवादी क्र. ३ घरी मिळून आले नाहीत, मुंबईस नोकरीस असल्याचे समजले, घरातील प्रौढ इसमाने समन्स घेऊन सही दिली. अहवाल चोख वाटतो. पण सही नीट पाहिली तर ती थोरल्या भावाच्या मुलाची, म्हणजे वादीच्याच मुलाची निघाली. ज्याच्याविरुद्ध दावा, त्याचे समन्स दावा लावणाऱ्याच्याच घरात पोहोचले होते. दावा एकतर्फा चालला, हिस्से ठरले, प्रकरण प्रत्यक्ष वाटपासाठी महसूल खात्याकडे गेले. धाकट्याने एकदा फोनवर सातबारा उघडला, तेव्हा फेरफाराचा नवा नंबर पाहून त्याला पहिल्यांदा शंका आली.

हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अशा अर्जात दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. समन्स रीतसर बजावले होते का, आणि नसेल तर हुकूमनाम्याची माहिती कधी झाली. आदेश ९, नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ ने ३० दिवस दिले आहेत. ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेले नसेल तर माहिती झाल्यापासून. म्हणून माहिती कधी झाली, कशी झाली, कोणाकडून झाली, नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी मिळाली, हे सगळे शपथपत्रात बारकाईने लिहावे लागते. ‘नुकतेच समजले’ एवढेच लिहिलेला अर्ज उलटतपासात टिकत नाही. मुंबईच्या भावाच्या अर्जात सातबारा पाहिल्याचा दिवस, नकलेच्या अर्जाची पावती आणि मुंबईतल्या पत्त्याचे रेशनकार्ड, तिन्ही जोडलेली होती. हुकूमनामा रद्द झाला, आणि तोही सगळ्यांविरुद्ध. कारण वाटपाचा हुकूमनामा एकापुरता मोडता येत नाही, आणि अशा वेळी तो सर्वांविरुद्ध रद्द करण्याची मुभा त्याच नियमात आहे.

त्या दाव्याचा पुढचा भाग अधिक शिकवणारा होता. दोन्ही बाजू हजर राहून पुन्हा निकाल लागला, तेव्हा धाकट्याचा हिस्सा होता तेवढाच निघाला. हिस्सा किती हे कायदाच ठरवतो; प्रतिवादी हजर असो वा नसो, त्यात फार फरक पडत नाही. पण कोणता तुकडा कोणाला, विहिरीतले पाणी कोणत्या वारी कोणाचे, रस्त्याकडची बाजू कोणाकडे, या गोष्टी हजर असलेल्यांना विचारून ठरतात. एकतर्फी निकालात गैरहजर माणूस हक्क गमावत नाही असे वाटते, पण निवड मात्र गमावतो. शेतजमिनीत निवडीचे मोल कधीकधी क्षेत्रापेक्षा जास्त असते.

रद्द करण्याच्या नियमाला एक अट १९७६ च्या दुरुस्तीने जोडली आहे. बजावणीत केवळ एखादी अनियमितता राहिली, पण प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असे दिसले, तर हुकूमनामा रद्द होत नाही. अहवालावर साक्षीदाराची सही नाही एवढ्या मुद्द्यावर येणारे अर्ज या अटीमुळे गळतात. अलीकडे वादीचे वकील आणखी पुढे जातात. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोध घेतला की प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. त्याची छापील प्रत ‘से’ला जोडून प्रतिवादीला सगळे माहीत असणारच, असा युक्तिवाद करतात. तो सरसकट मान्य व्हावा असे वाटत नाही. माहिती उपलब्ध असणे आणि माणसाला ती असणे यांत फरक आहे. नोटिशीच्या मार्गांबाबत मात्र न्यायालये बदलत आहेत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी अंमलबजावणीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले, कारण निळ्या खुणांवरून संदेश पोहोचल्याचे आणि जोडलेली फाइल उघडल्याचे दिसत होते. बेलिफाच्या पंचनाम्यात इतके स्पष्ट काही क्वचितच असते.

प्रतिवादी का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. कामातून दिसणारी कारणे ठराविक आहेत आणि त्यांत मग्रुरी फार खालच्या क्रमांकावर येते. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचा पत्ता जुनाच राहतो. काहींची समजूत असते की कागद हातात घेतला की माणूस अडकला, नाही घेतला तर सुटला. प्रत्यक्षात नकारही बजावणीच धरली जाते. काहींना भावकीतला कोणी सांगतो, आपण बाहेर मिटवू, तू कोर्टात जाऊ नकोस, आणि तोच पुढच्या तारखेला कोर्टात असतो. काही जण वकीलपत्रावर सही करून निर्धास्त होतात. वकील तारखा घेत राहतो, फी येत नाही, निरोपाला उत्तर येत नाही, आणि एके दिवशी पक्षकाराकडून सूचना नाहीत अशी पुरसिस देऊन वकील बाजूला होतो. त्यानंतर पक्षकाराला स्वतंत्र नोटीस काढली पाहिजे असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. गर्दीच्या बोर्डावर तो पाळला जातोच असे नाही, आणि अशा पुरसिशीनंतरचा एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे हे नियम १३ खालच्या कामांत त्यातल्या त्यात सोपे असते.

सैन्यातल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. सातारा, कोल्हापूरकडच्या गावांत घरटी कोणी ना कोणी लष्करात असतो, आणि जमिनीच्या दाव्यात त्याचे नाव येतेच. त्याचे समन्स गावच्या दारावर चिकटवून भागत नाही. ते त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवावे लागते. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीतल्या सेवेवर असलेल्या सैनिकाला इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ चे संरक्षण आहे. त्याखाली काम तहकूब करता येते आणि झालेला हुकूमनामाही रद्द करता येतो. हा कायदा इतका कमी वापरला जातो की त्याची प्रत कोर्टात दाखवल्यावर समोरचा वकील ती मागून घेतो.

एकतर्फा आणि विना कैफियत हे दोन शेरे एकच समजले जातात, तेही बरोबर नाही. प्रतिवादी हजर झाला, वकील दिला, पण समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, किंवा कारण दाखवून मिळालेल्या वाढीसह ९० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली नाही, तर दावा विना कैफियत पुढे जातो. त्याला उलटतपास घेता येतो, स्वतःची कथा मात्र मांडता येत नाही. साध्या दाव्यांत ही मुदत ओलांडूनही न्यायालय कैफियत घेऊ शकते. व्यापारी न्यायालयांत १२० दिवसांनंतर ती घेताच येत नाही, आणि तिथे खर्च भरून सवलत मिळत नाही.

दावा एकतर्फा झाला की वादी सुटकेचा निःश्वास टाकतो. अनेक वकीलही तिथे ढिले पडतात. समोर कोणी नाही म्हणून पुरावा कमी लागत नाही. उलटतपासच काय तो होत नाही. वादीला सरतपासाचे शपथपत्र द्यावे लागते, दस्त सिद्ध करावे लागतात, आणि कैफियत नसली तरी न्यायालयाने डोळे मिटून हुकूमनामा देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बजावले आहे. चांगला न्यायाधीश अशा वेळी प्रतिवादीचे काम काही अंशी स्वतः करतो. उसनवारीच्या एका दाव्यात वचनचिठ्ठीवर पैसे मागितले होते. प्रतिवादी आला नव्हता, शपथपत्र झाले होते, चिठ्ठी निशाणीवर आली होती. न्यायाधीशांनी चिठ्ठीची तारीख पाहिली, मग दाव्याच्या पहिल्या पानावरचा दाखल शिक्का पाहिला, आणि एवढेच विचारले, “वकीलसाहेब, तारीख बघितली का?” मागणी करताच देय असलेल्या वचनचिठ्ठीवरचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मधे कर्जदाराने रक्कम कबूल करणारे पत्र दिले होते, पण तेही तीन वर्षे उलटून गेल्यानंतरचे, आणि मुदत संपल्यावर दिलेली कबुली मुदत वाढवत नाही. मुदत कायद्याचे कलम ३ सांगते की प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळायचाच. समोर कोणीही नसताना दावा फेटाळला गेला. पक्षकाराला हे बाहेर येऊन समजावणे हे त्या दिवसातले सगळ्यात अवघड काम होते. समोरचा आलाच नाही, मग मी हरलो कसा, या त्याच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. ते त्याला पटणारे नाही, एवढेच.

मृत प्रतिवादीचे प्रकरण त्याहून निसरडे. दावा चालू असताना प्रतिवादी वारला आणि वारस रेकॉर्डवर न घेता हुकूमनामा झाला, तर तो कागदावरच राहतो. मृत प्रतिवादीने कैफियत दिली नसेल किंवा तो हजरच झाला नसेल, तर वारस आणण्यापासून सूट मिळते, पण ती निकालाआधी मागावी लागते. एकतर्फा झालेल्या प्रतिवादीची खबर कोणी घेत नाही, आणि तो हयात नाही हे दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या वेळी, बेलिफ जप्तीला गेल्यावर कळते.

आता दुसरी वाट, म्हणजे नोटिशीपूर्वीचा मनाई हुकूम. महाराष्ट्राच्या कोर्टांत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी ५ वर असतो आणि ‘निशाणी पाच’ हेच त्याचे नाव होऊन बसले आहे. आदेश ३९, नियम ३ चा मूळ नियम असा की मनाई देण्यापूर्वी समोरच्याला नोटीस द्यावी. विलंबाने हेतूच नासेल, असे दिसले तरच नोटिशीशिवाय हुकूम द्यायचा, आणि तेही कारणे लिहून. कारणे लिहिण्याची ही अट शोभेची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली स्पष्ट केले. हुकूम मिळालेल्याने अर्ज, शपथपत्र, दावा आणि दस्त यांच्या प्रती समोरच्याला लगेच पोहोचवायच्या किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायच्या आणि तसे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे. अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा. कागदावर व्यवस्था अशी चोख आहे. व्यवहारात प्रती पाठवण्याचे शपथपत्र राहून जाते, तीस दिवसांचे महिने होतात, आणि तूर्त म्हणून दिलेला हुकूम दाव्याच्या शेवटापर्यंत चालतो. खालच्या कोर्टात मनाई मिळाली म्हणजे निम्मा दावा जिंकला, असे पक्षकार म्हणतात ते उगीच नाही.

असे अर्ज शुक्रवारी दुपारनंतर जास्त येतात. शनिवार-रविवार कोर्ट बंद, तेवढ्या वेळात समोरचा भिंत बांधून मोकळा होईल, ही भीती काही वेळा खरी असते. कितीदा तरी तो शुक्रवार मुद्दाम निवडलेला असतो.

एका शुक्रवारी एका शेतकऱ्याने दावा लावला की शेजारी त्याच्या रानातून नवा रस्ता पाडतो आहे. सोबत ताज्या खडीचे फोटो आणि सातबारा. फोटो बोलके होते, जैसे थेचा हुकूम झाला. प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या रानात ऊसतोड टोळी येऊन बसली होती, कारखान्याची तोडचिठ्ठी हातात होती आणि ट्रॅक्टर-ट्रॉली बाहेर काढायला दुसरी वाट नव्हती. त्याच वाटेबद्दल काही वर्षांपूर्वी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांनी अडथळा काढण्याचा हुकूम दिला होता. तो हुकूम वादीच्या घरी होता. दाव्यात त्याचा उल्लेख नव्हता. खडी नवी होती, वाट जुनी. शेजाऱ्याने तहसीलदारांच्या हुकमाची नक्कल हजर केली आणि मनाई उठली. कारण आदेश ३९, नियम ४ प्रमाणे महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करून मनाई घेतली असेल, तर न्यायालय ती सहसा रद्दच करते. पण नक्कल मिळेपर्यंत, ‘से’ येईपर्यंत आणि युक्तिवाद होईपर्यंत टोळी दुसऱ्या शिवारात गेली होती आणि तोडलेला ऊस फडात वाळला होता.

अपुऱ्या कारणांवर मनाई घेणाऱ्याकडून संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. अर्ज फार कमी येतात. मनाई उठली याच आनंदात माणूस घरी जातो, आणि वकीलही नव्या अर्जाचा खर्च सुचवायला धजत नाही. ही सवय मोडायला हवी. समोरची बाजू नसताना बोलणाऱ्या वकिलावर दुहेरी जबाबदारी असते: आपल्या विरोधात जाणारा कागदही त्यानेच पुढे ठेवायचा असतो. ज्यांनी तो ठेवला, त्यांना थोडी कमी मनाई मिळाली असेल, पण ती टिकली. असा कागद दडवून ठेवणारा वकील तालुक्याच्या बारमध्ये फार काळ लपत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच्या खऱ्या घाईच्या अर्जावरही न्यायाधीश आधी नोटीस काढतात.

मनाईच्या या धोक्यावर उपाय म्हणजे कॅव्हेट. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत कलम १४८-अ आले. ज्याला समोरचा कोर्टात जाईल अशी भीती आहे, त्याने आधीच कॅव्हेट दाखल करून त्याची प्रत संभाव्य अर्जदाराला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची. मग त्याला नोटीस दिल्याशिवाय हुकूम होत नाही. ते ९० दिवस चालते, पुढे नवे टाकावे लागते. सोसायटीच्या निवडणुका, सरपंचावरचे अविश्वास ठराव आणि बांधाच्या तंट्यांत गावोगावी कॅव्हेट पडतात. त्यात चूक होते ती नावांची: वादी म्हणून थोरल्याचे नाव घातले आणि दावा धाकट्याने लावला, तर कॅव्हेट पेटीतच राहते. शासनाविरुद्धच्या दाव्यात कॅव्हेटची गरजच नाही. कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस घाईमुळे माफ झाली, तरी शासनाला कारण दाखवण्याची संधी दिल्याशिवाय मनाई देता येत नाही. शेजाऱ्याला मिळत नाही ती सवलत शासनाला कायद्यानेच दिलेली आहे.

कौटुंबिक प्रकरणांत एकतर्फी हुकमाला वेगळे वजन येते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २३ खाली पीडितेच्या शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम हुकूम देता येतो, आणि घरातून बाहेर काढलेल्या बाईसाठी तो त्याच दिवशी हवा असतो. तिथे तीस दिवसांच्या गोष्टी करून चालत नाही. पोटगीच्या कामात नवरा मुद्दाम समन्स टाळतो किंवा यायचे टाळतो अशी खात्री झाली, तर दंडाधिकारी एकतर्फी पुरावा घेऊ शकतात, आणि तो हुकूम उठवण्यासाठी तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२६ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली आहे. हजर न राहणारा नवरा थकबाकीच्या वॉरंटवर मात्र तत्परतेने हजर होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

परदेशी गेलेल्या नवऱ्याने तिकडच्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोट आणल्याची प्रकरणे पुणे, ठाणे, नाशिकमध्ये नवी राहिलेली नाहीत. ईमेलने परदेशी कोर्टाचा कागद येतो, व्हिसा नाही, वकिलाला डॉलर कुठून द्यायचे, आणि मुदत वीस-तीस दिवसांची. अशा बाईला मोठा आधार आहे तो संहितेच्या कलम १३ चा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ सालच्या निवाड्याचा. ज्या वैवाहिक कायद्याखाली लग्न झाले, त्याला धरून नसलेल्या अधिकारक्षेत्रात आणि कारणावर दिलेला परदेशी घटस्फोट इथे मान्य होत नाही; तिने तिथल्या अधिकारक्षेत्राला स्वेच्छेने, परिणामकारकपणे मान्यता दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच परदेशी कोर्टाला घाईघाईने सविस्तर उत्तर धाडण्यापूर्वी इथल्या वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो. गैरहजर राहणे शहाणपणाचे ठरते अशी ही फार थोड्या जागांपैकी एक.

ग्राहक आयोगात नियम आणखी कडक आहेत. उत्तरासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५. २०२० साली घटनापीठाने ही मर्यादा सक्तीची ठरवली. जिल्हा आणि राज्य आयोगाला स्वतःचा एकतर्फी हुकूम मागे घेता येत नाही, हे २०११ मध्ये ठरलेले आहे. तिथे एकतर्फा झालेल्याला वरच्या आयोगात अपील हाच रस्ता उरतो.

दिवाणी न्यायालयात मात्र रस्ते दोन आहेत: नियम १३ चा अर्ज आणि कलम ९६ खाली अपील. ते एकाच वेळी चालवता येतात. अपिलात दाव्याच्या गुणदोषावर भांडता येते, अर्जात गैरहजेरीच्या कारणावर. पण अपील आधी निकाली निघाले, तर नियम १३ चा अर्ज चालत नाही, म्हणून पुराव्यातच कच्चेपणा असेल तर अपील आणि बजावणीतच घोळ असेल तर अर्ज, अशी निवड सुरुवातीलाच करावी लागते. अर्ज फेटाळला गेला तर त्यावरही अपील आहे. अर्ज मंजूर करण्यापूर्वी वादीला नोटीस द्यावी लागते. एकतर्फी हुकूमनामा एकतर्फी रद्द होत नाही.

हे सगळे चालू असताना दरखास्त थांबत नाही. अर्ज दाखल झाला म्हणजे वसुली थांबली असे समजून गप्प बसलेले पक्षकार जमिनी घालवून बसतात. हुकूमनामा रद्द झाल्यावर कलम १४४ खाली गेलेली वस्तू वादीकडून परत मिळते, पण जप्त जमीन लिलावात एखाद्या तिऱ्हाईताने घेतली असेल तर त्याला संरक्षण आहे. एकतर्फी हुकूमनामा नंतर रद्द झाला तरी तिऱ्हाईताच्या नावे झालेला लिलाव कायम करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ठरवले. मूळ मालकाला उरतो तो पैशाचा हिशेब. त्यामुळे नियम १३ चा अर्ज टाकायच्या दिवशीच स्थगितीचा अर्ज त्याच्या जोडीला टाकायचा, दरखास्तीत वकीलपत्र दाखल करायचे आणि लिलावाची तारीख लागली असेल तर स्थगितीच्या हुकमाची खरी नक्कल ती तारीख उजाडण्याआधी कोर्टाच्या नाझराच्या टेबलावर पोहोचवायची. ती टपालाने पाठवायची नसते, हाती द्यायची असते, आणि पोच घ्यायची असते.